एकच रेघ उमटली, म्हणजे?



श्रावण सरत आला की रत्नागिरीतल्या आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. गणपती तोंडावर आलेले असतात, मुंबईची मुले-नातवंडे घरी यायची असतात, आणि नेमका त्याच सुमारास घरातल्या आजोबांना ताप-खोकला सुरू होतो. मग लेक किंवा सूनबाई समोर बसून विचारते, “डॉक्टर, मेडिकलमध्ये मिळते ती अडीचशे रुपयांची पट्टी आणू, की लॅबमधली मोठी तपासणी करू? स्वस्तातली चालेल ना?”

प्रश्न पैशांचा वाटतो. पण पैसा हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे. कोणती चाचणी करावी याहून तिचा अहवाल आल्यावर आपण काय करणार आहोत, हे अधिक महत्त्वाचे असते. मी हे पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी ते एका चुकीतून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट कोकणात पोहोचली होती. शिमग्याला आलेली माणसे मुंबईला परतली होती आणि गावोगावी ताप सुरू झाला होता. पंच्याहत्तरी ओलांडलेले एक आजोबा तापाच्या पहिल्याच दिवशी माझ्याकडे आले. अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन चाचणी झाली. निगेटिव्ह. मोठ्या चाचणीचा, म्हणजे आरटीपीसीआरचा, अहवाल त्या गर्दीच्या दिवसांत लगेच हाती येत नसे. मी औषध लिहून दिले आणि मुलाला म्हणालो, “निगेटिव्ह आहे. काळजी करू नका.”

त्यांनी काळजी केली नाही. आजी रात्रंदिवस आजोबांच्या उशाशी बसल्या. काढा दिला, कपाळावर घड्या ठेवल्या, वारा लागू नये म्हणून खोलीची खिडकी लावून घेतली आणि तिथेच शेजारी अंथरूण घातले. सहाव्या दिवशी आजोबांचा ताप उतरला. आठव्या दिवशी आजींना धाप लागली. मग दोघांचीही आरटीपीसीआर झाली आणि दोघांचीही पॉझिटिव्ह आली. आजोबा बरे झाले. आजी गेल्या.

मुलाने मला कधी शब्दाने दुखावले नाही. आजोबा अजूनही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी महिन्याला येतात. एकदाच, उठता उठता, त्यांनी विचारले होते, “पण माझी तर निगेटिव्ह आली होती ना हो?”

आली होती. पट्टी खोटे बोलली नव्हती. तिने इतकेच सांगितले होते की, या क्षणी, या नमुन्यात, मला दिसेल इतका विषाणू नाही. “काळजी करू नका” हे वाक्य पट्टीचे नव्हते. ते माझे होते.

दोन चाचण्या, दोन रीती

दोन्ही चाचण्यांसाठी नमुना साधारण एकाच जागेचा घेतात: नाकातील किंवा घशातील स्राव. फरक पुढे पडतो.

आरटीपीसीआर ही विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेते. नमुन्यात ते अगदी अल्प असले तरी यंत्र त्याच्या प्रती काढते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशी तीस आवर्तने झाली की एका कणाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. म्हणजे एकच भाताचा दाणा पेरायचा, आलेले पीक पुन्हा पेरायचे, आणि कोठार भरले की म्हणायचे, “होय, दाणा होता.” यासाठी यंत्र लागते, रसायने लागतात, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो आणि काही तास लागतात. म्हणून ती महाग, आणि म्हणूनच ती प्रमाण मानली जाते.

अँटिजेन पट्टी विषाणूचे प्रथिन शोधते. पट्टीवर त्या प्रथिनाला धरून ठेवणारी प्रतिद्रव्ये आधीच लावलेली असतात. नमुन्याचा द्रव पट्टीवरून पुढे सरकतो. पुरेसे प्रथिन असेल तर ते तिथे अडकते आणि रंगीत रेघ उमटते. येथे एकाचे दोन होत नाहीत. जे आहे तेवढेच दिसते. हे बांधावर उभे राहून शेत पाहण्यासारखे आहे. भात गुडघाभर वाढले असेल तर ते कुणालाही दिसेल. नुकता कोंब फुटला असेल तर शेत मोकळे आहे असेच वाटेल.

आजोबांचे शेत पहिल्या दिवशी तसे होते.

आकडे काय सांगतात

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १४ जून २०२० रोजी देशातील पहिल्या अँटिजेन चाचणीला मान्यता दिली. त्या वेळी दोन स्वतंत्र तपासण्यांत आढळलेले आकडे परिषदेने जाहीर केले होते. खरोखर लागण झालेल्यांपैकी ५०.६ ते ८४ टक्के रुग्ण ही चाचणी पकडत होती. ज्यांना लागण नव्हती त्यांना “नाही” असे बरोबर सांगण्याचे प्रमाण ९९.३ ते १०० टक्के होते. म्हणून परिषदेने नियम घालून दिला: अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर ती खरी माना, लक्षणे असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा. हा नियम मला तेव्हाही ठाऊक होता. ठाऊक असणे आणि गर्दीच्या दवाखान्यात तो पाळणे यांत जे अंतर पडले, ते माझे.

टक्केवारीने डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही. म्हणून आपण घरगुती हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

साथ जोरात आहे. तापाने आलेली शंभर ज्येष्ठ माणसे आहेत आणि त्यांपैकी चाळीस जणांना खरोखर लागण झाली आहे. पट्टी शंभरातले सत्तर रुग्ण पकडते असे धरू. मग चाळीसपैकी अठ्ठावीस पॉझिटिव्ह येतील आणि बारा सुटतील. उरलेल्या साठ निरोगी माणसांपैकी एखाद्याची चुकून पॉझिटिव्ह येईल. आता अहवाल हातात घेऊन मोजा. पॉझिटिव्ह एकोणतीस, त्यांतले अठ्ठावीस खरे. निगेटिव्ह एकाहत्तर, त्यांत बारा जण रुग्ण. म्हणजे “निगेटिव्ह” ऐकून घरी गेलेल्या दर सहा जणांमागे एक जण विषाणू घेऊनच घरी गेला.

उलट बाजूही पाहा. साथ ओसरली आहे. कुणाला लक्षणे नाहीत. केवळ खबरदारी म्हणून हजार माणसांची चाचणी केली. त्यांत पाच जणांनाच लागण आहे. पट्टी तीन-चार जणांना पकडील. पण उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी शंभरात एक या हिशेबाने दहा जणांची चुकून पॉझिटिव्ह येईल. येथे होकारावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. तो मोठ्या चाचणीने पडताळावा लागतो.

पट्टी तीच, किंमत तीच. पण आजूबाजूला साथ किती आहे आणि माणसाला लक्षणे आहेत की नाहीत, यावरून तिच्या शब्दाचे वजन बदलते. म्हणूनच डॉक्टर अहवाल पाहण्याआधी रुग्णाकडे पाहतात. निदान पाहायला हवे.

मोठी चाचणी म्हणजे अंतिम शब्द नव्हे

यावरून कुणी असा अर्थ काढील की, पैसे असतील तर नेहमी आरटीपीसीआरच करावी. तसेही नाही.

रत्नागिरीकरांना आठवत असेल, २०२० च्या मार्च ते मे महिन्यांत आपल्या जिल्ह्यात ही चाचणी करण्याची सोय नव्हती. नमुने अंबा घाट ओलांडून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात आणि जिल्हा त्या अहवालांची वाट पाहत बसे. जूनमध्ये जिल्हा शासकीय रुग्णालयात प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा आम्हा डॉक्टरांना हायसे वाटले ते यासाठी. कितीही अचूक चाचणी असली तरी तिचे उत्तर चौथ्या-पाचव्या दिवशी येणार असेल, तर ज्या दिवसांत माणूस इतरांना सर्वाधिक लागण करू शकतो ते दिवस निघून गेलेले असतात. पंधरा मिनिटांत आलेला होकार अशा वेळी उशिरा आलेल्या अचूक होकाराहून अधिक माणसे वाचवतो. स्वस्त पट्टीचे खरे मोल येथे आहे.

दुसरी गोष्ट नमुन्याची. स्वॅब नाकात नीट फिरवलाच नाही, तर जगातले उत्तम यंत्रही न आलेला विषाणू दाखवू शकत नाही. रुग्ण कण्हतो, मान मागे घेतो, घेणाऱ्यालाही दया येते, आणि नमुना अर्धवट राहतो. वृद्धांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

तिसरी गोष्ट अशी की, आरटीपीसीआर विषाणूचे मृत अवशेषही ओळखते. म्हणून काही जणांचा अहवाल बरे झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहतो. “निगेटिव्ह आल्याशिवाय आईला घरी आणणार नाही,” असा हट्ट धरलेली मुले मी पाहिली आहेत. आई बरी झालेली, कुणाला लागण करण्याच्या पलीकडे गेलेली. पण कागद निगेटिव्ह नाही म्हणून परकी.

आणि सीटी व्हॅल्यू! दुसऱ्या लाटेत रोज दूरध्वनी येत, “सीटी किती आहे?” काहींना तो सीटी स्कॅनचा आकडा वाटे. हा आकडा म्हणजे विषाणू दिसू लागेपर्यंत यंत्राला किती आवर्तने करावी लागली, त्याची संख्या. कमी आवर्तने, म्हणजे नमुन्यात विषाणू जास्त. परंतु नमुना कसा घेतला, तो कुठे किती वेळ राहिला, कोणते किट वापरले, यांवर तो बदलतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राने पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा २४ वर आणावी का, अशी विचारणा आयसीएमआरकडे केली होती. परिषदेने ३५ हीच मर्यादा ठेवण्यास सांगितले, कारण खाली आणल्यास अनेक रुग्ण निसटले असते. या आकड्यावरून आजार किती गंभीर आहे ते ठरत नाही. ते ठरते रुग्णाच्या श्वासावरून.

स्वस्त म्हणजे हलके, हा समज

किमतीवरून चाचणीचा दर्जा ओळखण्याची आपली सवयही तपासून पाहू. मार्च २०२० मध्ये आरटीपीसीआरसाठी खासगी प्रयोगशाळांना ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये ती २,२०० वर आणली, मार्च २०२१ अखेर ५०० वर आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५० वर. चाचणी तीच होती. ३५० रुपयांना केली म्हणून तिची नजर मंद झाली नाही. किटे देशात बनू लागली, स्पर्धा वाढली, नमुन्यांची संख्या वाढली आणि किंमत उतरली. त्या वाटेवरचे पहिले पाऊल आपल्या पुण्यात पडले होते. मार्च २०२० मध्ये मायलॅब या कंपनीच्या आरटीपीसीआर किटला मान्यता मिळाली, आणि विषाणूतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांनी आपल्या बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्या किटचे काम केले. त्याच कंपनीच्या घरी करावयाच्या अँटिजेन किटला, कोव्हिसेल्फला, मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि ते अडीचशे रुपयांना आले. सूनबाईंच्या प्रश्नातली अडीचशेची पट्टी ती हीच, किंवा तिच्या जातीची.

स्वस्ताईचा आणखी एक मार्ग नागपूरने दाखवला. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, गुळण्यांची आरटीपीसीआर पद्धत विकसित केली आणि मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. रुग्णाने सलाईनच्या पाण्याने पंधरा सेकंद गुळणी करायची, पंधरा सेकंद ते तोंडात खळखळवायचे आणि नळीत थुंकायचे. नाकात काडी नाही. प्रयोगशाळेत जनुकीय द्रव्य वेगळे काढण्यासाठी जी महागडी रसायने लागतात, त्यांच्याऐवजी साधे द्रावण घालून नमुना ९८ अंश सेल्सिअसला सहा मिनिटे तापवायचा. पुढची तपासणी मात्र आरटीपीसीआरचीच. म्हणजे खर्च वाचवला तो काडी, साठवणुकीचा द्रव आणि रसायने यांवर. विषाणू शोधणाऱ्या नजरेवर नव्हे.

खर्च नेमका कुठे वाचवला आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पट्टीत तो नजरेवर वाचवलेला असतो. म्हणून तिच्या नकाराला मर्यादा आहे. गुळणीच्या पद्धतीत तो सामानावर वाचवला आहे. अर्थात गुळणी सर्वांना जमत नाही. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होणारे, स्मृतिभ्रंशामुळे सूचना न समजणारे, अंथरुणाला खिळलेले, यांना गुळणी करायला लावू नये. ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी काडीच बरी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर काडी घालण्याआधी तसे अवश्य सांगावे.

जेव्हा चाचणीची वाट पाहूच नये

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा धडा मात्र कोरोनाच्या आधीचा आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात थैमान घातले तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन गट पाडले होते. पहिल्या गटात सौम्य लक्षणांचे रुग्ण: चाचणी नको, औषधही नको, घरी विश्रांती आणि लक्ष. दुसऱ्या गटात पासष्टीपुढील माणसे, गर्भवती, मधुमेह-दमा-हृदयविकार असलेले इत्यादी: यांना फ्लूची लक्षणे असतील तर चाचणीची वाट न पाहता ऑसेल्टामिविर हे औषध सुरू करा. तिसऱ्या गटात धाप, छातीत दुखणे, ग्लानी, ओठ निळसर होणे अशी लक्षणे असलेले: यांना तत्काळ रुग्णालयात न्या, तेथे चाचणी करा, आणि अहवाल येण्याआधीच औषध सुरू करा.

पासष्टीपुढच्या माणसासाठी ना स्वस्त चाचणीची अट होती, ना महागड्या चाचणीची. कारण साधे आहे. फ्लूवरील हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिले तर सर्वाधिक उपयोगी पडते. फ्लूच्या जलद चाचण्याही खऱ्या रुग्णांपैकी साधारण ५० ते ७० टक्केच पकडतात. नकार हाती घेऊन आपण थांबलो, तर ते ४८ तास हातचे जातात. औषध द्यायचे की नाही, हे अर्थातच तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण “अहवाल येऊ दे, मग डॉक्टरांकडे जाऊ” हा क्रम वृद्धांच्या बाबतीत उलटा आहे. आधी डॉक्टर, मग अहवाल.

घरातल्यांनी करावयाच्या गोष्टी

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येतो. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला ताप, खोकला, सर्दी, अंगदुखी सुरू झाली, तर काय करावे?

पहिले, चाचणी करण्याआधीच वेगळेपण पाळा. खोली वेगळी, नसेल तर अंतर, खिडक्या उघड्या, रुग्णाने आणि शुश्रूषा करणाऱ्याने दोघांनीही तोंडावर मास्क. वाऱ्याने सर्दी वाढते, या समजुतीने आपण दारे-खिडक्या बंद करतो. बंद खोलीत विषाणू साचतो. शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतः साठीच्या पुढची असेल, तर शक्य असल्यास ते काम घरातल्या तरुणाकडे द्या. हे वाक्य लिहिताना माझ्यासमोर कोण आहे, ते आपण ओळखले असेल.

दुसरे, घरी पट्टी करायची असेल तर जरूर करा. मात्र किटची मुदत पाहा. ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेले नसावे. काडी दोन्ही नाकपुड्यांत सूचनेप्रमाणे फिरवा. सांगितले तितकेच थेंब घाला. घड्याळ लावा. सांगितलेल्या वेळेआधी वाचू नका आणि वेळ उलटल्यावर पुन्हा उचलून पाहू नका. उशिरा उमटलेली पुसट रेघ ग्राह्य नसते. ‘सी’ या अक्षरासमोरची रेघ उमटलीच नाही, तर चाचणी बाद. दुसरे किट घ्या. ‘सी’ आणि ‘टी’ या दोन्हींसमोर रेघ आली, मग ‘टी’ची कितीही फिकट असो, तर पॉझिटिव्ह. ही पट्टी ज्या विषाणूसाठी आहे त्याच्यापुरतेच बोलते, हेही ध्यानात ठेवा. कोरोनाची पट्टी निगेटिव्ह असताना फ्लू असू शकतो.

तिसरे, लक्षणे असताना पॉझिटिव्ह आली तर ती मान्य करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. “लॅबमध्ये पुन्हा करून पाहू” म्हणत दोन दिवस घालवू नका.

चौथे, लक्षणे आहेत आणि एकच रेघ उमटली, तर त्याचा अर्थ “आज दिसला नाही” इतकाच घ्या. वेगळेपण चालू ठेवा. आरटीपीसीआर सहज होत असेल तर करा. नसेल तर ४८ तासांनी पट्टी पुन्हा करा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचीही घरगुती चाचण्यांबाबत हीच शिफारस आहे: लक्षणे असतील तर ४८ तासांच्या अंतराने निदान दोन वेळा, लक्षणे नसतील तर तीन वेळा. एका दिवसाच्या आरटीपीसीआरने जे साधते त्याच्या बरेच जवळ दोन पट्ट्या नेतात. अट एवढीच की दुसरी पट्टी खरोखर केली पाहिजे. आपण बहुतेक जण पहिलीवर थांबतो.

पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे: अहवाल काहीही असो, श्वासावर लक्ष ठेवा. बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर घरी असावा. बोट कोमट असावे, नखाला रंग किंवा मेंदी नसावी. दिवसातून तीन-चार वेळा नोंद करा. ९४ च्या खाली आकडा गेला तर डॉक्टरांना लगेच कळवा. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांचा आकडा मुळातच कमी असू शकतो, तो त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावा. वृद्धांमध्ये ताप जास्त चढतोच असे नाही. कधी एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, अन्नावरची वासना उडणे, तोल जाऊन पडणे, दिवसभर झोपून राहणे हीच पहिली खूण असते. “वयामुळे असेल” असे म्हणून ती सोडून देऊ नका.

दाखला आणि दिलासा

२०२० चा गणेशोत्सव आठवतो? कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांसाठी दहा दिवसांचे विलगीकरण होते, आणि १२ ऑगस्टनंतर येणाऱ्यांना निघण्याआधी ४८ तासांत केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागत होता. अनेकांनी तो कागद घरच्या वडीलधाऱ्यांना अभिमानाने दाखवला. त्या वेळी शासनाला काहीतरी उंबरठा ठरवावाच लागला, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बराच होता. पण लागण झाल्यापासून विषाणू चाचणीत दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. परवाचा कागद आजच्या अंगाची हमी देत नाही. चाचणी निघण्याचा दाखला म्हणून मिळवली की माणूस दाखल्यावर विसंबतो आणि अंगातल्या कणकणीकडे दुर्लक्ष करतो.

म्हणून यंदा मुंबईहून येणाऱ्या मुलांना एवढेच सांगा: अंगात कसर असेल, घसा खवखवत असेल, तर पट्टी निगेटिव्ह असली तरी आजी-आजोबांच्या खोलीत मास्क लावूनच जा, आणि पहिले दोन-तीन दिवस पायांवर डोके ठेवायचे ते लांबूनच. आशीर्वाद तेवढ्या अंतरावरून पोहोचतात.

स्वस्त चाचणी आणि मोठी चाचणी यांत भांडण नाही. एक लवकर बोलते, दुसरी बारकाईने पाहते. घाई असेल तेव्हा पहिली, शंका उरली तर दुसरी, आणि जीव घाबरा होत असेल तर दोन्ही बाजूला ठेवून थेट रुग्णालय. कोणत्याही रेघेला तिच्या अधिकाराबाहेरचे बोलायला लावू नये. तसे मी एकदा केले.

त्या आजोबांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. “हो, आली होती,” एवढेच म्हणालो. पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा मी त्यांना बसवून घेतले आणि वर जे तुम्हाला सांगितले, तेच सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “हे पुढच्यांना सांगा.”

म्हणून सांगितले.